सेल नवा, तरी कारचं रिमोट बंद

प्रश्न (सातारा): सेल बदलला, तरी रिमोटनं लॉक उघडत नाही. किल्ली फिरवली की गाडी सुरू होते. काय बघू?

कृष्णाकाठ: सुरू होते म्हणजे इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) किल्लीतली चिप ठीक आहे, तिला सेल लागत नाही. सेल कुठला टाकलात? सीआर२०३२ च्या जागी सीआर२०२५ बसतो, पण तो ०.७ मिमी पातळ, आतल्या धातूच्या पत्तीला नीट टेकत नाही.

मिरजकर: पावसाळ्यात पत्तीवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जुन्या टूथब्रशनं हलकं घासा, पूर्ण वाळू द्या. मग सेल काढून, बटण दाबून त्याच्या स्विचच्या टोकांना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप देणाऱ्या मोडवर) लावा. बीप नाही, तर स्विच गेला किंवा सोल्डर सुटलं.

कृष्णाकाठ: आधी दुसरी किल्ली वापरून बघा. तिचं रिमोटही चालत नसेल तर दोष बहुधा गाडीत. आणि कव्हर उघडताना चिप जपा, काही किल्ल्यांत ती सुटीच असते!