बडे उद्योगसमूह, 45 दिवसांची मुदत आणि सोलापूरचा टॉवेल

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

धोटा

मोठ्या उद्योगसमूहांची चर्चा निघाली की ती कोणाची मालमत्ता किती लाख कोटींची आणि कोणाची कोणत्या पक्षाशी जवळीक, इथवर जाऊन थांबते. सोलापुरात टेरी टॉवेलचे माग चालवणाऱ्या घरातली माझी तिसरी पिढी आहे, आणि माझे म्हणणे असे की या समूहांच्या प्रभावाचे खरे माप उधारीत आहे. जो दुसऱ्याला थांबवून ठेवू शकतो, तो मोठा.

आम्ही सूत रोखीने किंवा फार तर आठ दिवसांच्या बोलीवर उचलतो, मजुरी दर आठवड्याला चुकती करतो आणि विजेचे बिल तर एक दिवसही थांबत नाही. आमचा निम्मा माल एका बड्या समूहाच्या दुकानसाखळीला जातो. गेल्या वर्षी त्यांच्या तपासनिसाने काट्यावर एकेक टॉवेल ठेवून ठरलेल्या 400 ग्रॅमऐवजी 393 ग्रॅम भरल्याचे दाखवले, आणि काही बोलायच्या आत सबंध खेपेवर डेबिट नोट, म्हणजे बिलातली कपात, लागली. उरलेली रक्कम 112 व्या दिवशी आली.

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन आहे, आणि ते मोडल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. हे व्याज मागून पुढची ऑर्डर टिकवलेला कारखानदार मला अजून भेटायचा आहे. 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकराचा नवा नियम लागू झाला, ज्यात सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यानंतर याच खरेदीदाराच्या माणसाने मला तोंडी सुचवले, की तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद, रद्द करून टाका, म्हणजे दोघांचेही काम सोपे होईल.

विडी-घरकुल

आपले दुःख खरे असेल, परंतु ते मालकाचे दुःख आहे. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेवाले होते. त्या घरात प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि आजारपणात विमा दवाखाना होता. भोंगा झाला की पाळी सुटत असे, आणि सुटली म्हणजे सुटत असे. मिल बंद पडल्यावर वडील पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात लागले आणि आईने घरी विड्या वळायला घेतल्या. वडिलांनी त्या कारखान्यात 19 वर्षे काढली, पण हजेरीपटावर त्यांचे नाव कधी चढले नाही. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांपासून लागू होतो, म्हणून एकाच छपराखाली तीन नावांची तीन युनिटे दाखवण्याची युक्ती कोणत्या बड्या समूहाने शोधून काढली नव्हती.

टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस 1912 मध्ये आला, देशात तसा कायदा होण्याच्या कितीतरी आधी. भांडवल मोठे असेल तर त्याच्याकडून काही वसूल तरी करता येते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांवर नफ्याच्या दोन टक्क्यांची सामाजिक जबाबदारी टाकली, ती लहानांवर टाकता आली नसती. सोलापूरचे खरे नुकसान मोठे भांडवल आल्याने झाले की निघून गेल्याने, हे आपणच सांगावे. आणि जाता जाता हेही सांगावे, की आपल्या हजेरीपटावर नावे किती आहेत?

जुनी मिल कंपाउंड

मोठे भांडवल निघून गेले म्हणजे काय होते, याचा दाखला माझ्या पत्त्यातच आहे. 1877 साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, संचालकांच्या गैरकारभारामुळे ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला आणि पुढे त्याचा कायदा केला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1953 मध्ये न्यायालयाने भरपाईविना मालमत्ता घेतल्याचे ठरवून तो कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत हाही एक होता. एका गावच्या गिरणीचा खटला घटनादुरुस्तीपर्यंत पोचला, तरी गिरणी काही वाचली नाही. तेव्हा कामगाराला मिळालेली सुरक्षितता मालकाच्या मोठेपणातून आली की संघटनेतून आणि कायद्यातून, याचा विडी-घरकुल यांनी फेरविचार करावा.

तराजू

धोटा यांच्या मांडणीत दोन गोष्टींची गल्लत होते आहे. मोठे असणे हा आपल्या कायद्याने गुन्हा नाही. 1969 च्या मक्तेदारी कायद्याने आकारालाच संशयित मानून पाहिले. वीस कोटींहून अधिक मालमत्तेच्या समूहाला विस्तारासाठी परवानगी लागे. पण त्याआधीच, उद्योगपरवान्यांवरच्या 1967 च्या हजारी अहवालाने दाखवून दिले होते, की बड्या घराण्यांनी परवान्यांसाठी ढिगाने अर्ज करून इतरांची वाट अडवून ठेवली होती. निर्बंधांचा फायदा आत बसलेल्यांनाच झाला. 2002 च्या स्पर्धा कायद्याने म्हणूनच वर्चस्व नव्हे, वर्चस्वाचा गैरवापर दंडनीय ठरवला, आणि मला ते योग्य वाटते.

शिवाय आपल्या उधारीवर उपायही आहे. ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर बिल चढवले आणि खरेदीदाराने ते मान्य केले, की बँक लगेच पैसे देते. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची आहे.

धोटा

नोंदणी सक्तीची आहे, बिल मान्य करणे नाही. सगळी मेख त्या एका शब्दात आहे. मान्यता देण्याची घाई खरेदीदाराला का असावी?

आकाराबाबतही मी इतका निर्धास्त नाही. 2016 मध्ये जिओ आले तेव्हा डेटा मातीमोल झाला, आपण सगळ्यांनी तो आनंदाने वापरला, मीही वापरला. पुढे एकेक कंपनी बुडाली किंवा दुसरीत विलीन झाली आणि देशभर पसरलेल्या खासगी कंपन्या तीनच उरल्या.

वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, म्हणून त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण 1919 मध्ये त्यांनी भागीदारांसह सिंदिया कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश जहाज कंपन्यांनी तोटा सोसून भाडी पाडली आणि 1923 च्या कराराने तिला किनारी वाहतुकीपुरते अडकवून ठेवले. आपला सर्वांत मोठा उद्योजक आधी मोठ्यांच्या कात्रीत सापडलेला लहान माणूस होता.

विडी-घरकुल

वालचंद भाडेयुद्धात टिकले ते पाठीशी भांडवल होते म्हणून. तेवढे बळ नसलेल्या कित्येक देशी जहाज कंपन्या अशाच भाडेयुद्धांत बुडाल्या. आणि त्याच माणसाने पुढे 1940 मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना उभा केला. एकेका मागाच्या मालकाने विमान बनवले असते, असे आपले म्हणणे नसावे.

जुनी मिल कंपाउंड यांचा मुद्दा मला पटतो. संघटनेशिवाय काहीच मिळाले नसते. परंतु संघटना करायला एका दरवाजातून आत जाणारी हजारभर माणसे लागतात. पूर्व भागात गल्लोगल्ली विखुरलेल्या मागांवर ती कशी बांधायची?

माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.

धोटा

बावीस माणसे, दोन नावांची दोन युनिटे, हजेरीपटावर नऊ. उरलेल्या तेरांची नावे का नाहीत, याला 112 दिवसांची उधारी हे एक कारण आहे. एकमेव आहे, असे मी म्हणणार नाही, कारण ही दोन युनिटे वडिलांनी केली तेव्हा आमचा सगळा माल गावातल्याच व्यापाऱ्यांना जात होता आणि पैसे पंधरवड्यात मिळत होते.