महागाई रोखायचे सरकारी उपाय जमिनीवर कसे उतरतात? (अनुभव धागा)

भाव चढले की सरकारने काय केलं ते बातमीत एका ओळीत संपतं: निर्यातबंदी, शुल्ककपात, साठा मर्यादा. ती ओळ बाजार समितीत, पंपावर, दुकानात, बँकेत पोचते तेव्हा नेमकं काय होतं, ते त्या त्या कामातल्या लोकांनी इथे लिहावं. तारखा, आकडे, कागद, कुठे अडतं आणि का अडतं. रडगाणी नकोत, पक्षांची भांडणं तर नकोतच.

कांदा खरेदी, निफाड तालुका

कांद्यावर सरकार तीन पायऱ्यांनी चढतं: आधी निर्यात शुल्क, मग किमान निर्यात मूल्य, शेवटी बंदी. 2023 मध्ये तिन्ही पायऱ्या एकाच हंगामात पाहायला मिळाल्या. 19 ऑगस्टला 40 टक्के शुल्क, 28 ऑक्टोबरला टनाला 800 डॉलर किमान मूल्य, 7 डिसेंबरला बंदी. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क डोक्यावर ठेवून.

आता हिशेब करा. 550 डॉलरवर 40 टक्के म्हणजे 220. बंदरातून निघतानाच कांदा 770 डॉलर टन, त्या वेळच्या दराने किलोला साधारण 64 रुपये. वर जहाजभाडं. कागदावर निर्यात खुली, पण परदेशातला ग्राहक या भावात दुसऱ्या देशाचा कांदा घेतो. किमान मूल्याखालचं शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमकडे दाखल करायचा कागद) कस्टम स्वीकारतच नाही, त्यामुळे तिथे घासाघीस नाही. शुल्काचं तसं नाही. निर्यातदार ते शुल्क लिलावाच्या बोलीतून वजा करतो, म्हणजे भरतो शेतकरीच.

दुसरी गोष्ट वेळेची. आदेश संध्याकाळी-रात्री निघतो आणि सकाळी ट्रॉल्या भरून समितीत उभ्या असतात. बोली क्विंटलवर लागते, मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन वजन होतं. भाव पडत असले की खळ्यावर वांधे वाढतात: वर माल एक, खाली दुसरा, गोल्टी (बारीक कांदा) जास्त, खाद (खराब माल) निघाली. हाच माल चढत्या बाजारात गपचूप खपतो.

बंदीच्या आदेशात वाटेतल्या मालाला सवलत असते. भरणी सुरू झालेली असेल, किंवा शिपिंग बिल दाखल होऊन जहाज धक्क्याला लागलेलं असेल, किंवा माल कस्टमच्या ताब्यात दिलेला असेल, तर सुटतो. कंटेनर महामार्गावर असेल तर नाही. म्हणून आदेशाची हवा उठली की सगळे आधी शिपिंग बिलामागे धावतात.

उन्हाळ कांद्याची चाळ, देवळा

वरच्या प्रतिसादात एक भर. आदेश कोणत्या महिन्यात निघाला यावर सगळं अवलंबून असतं. ऑगस्टचं शुल्क चाळीतल्या (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधल्या) उन्हाळ कांद्यावर पडलं, डिसेंबरची बंदी शेतातून निघणाऱ्या लाल कांद्यावर. उन्हाळवाला थांबू शकतो. लाल कांदा महिनाभरही धड टिकत नाही, तो पडेल त्या भावात विकावाच लागतो. त्यामुळे डिसेंबरची बंदी ऑगस्टच्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त लागली.

थांबण्याचीही किंमत आहे. एप्रिलमध्ये 1500 रुपये क्विंटलचा कांदा चाळीत टाकला आणि सप्टेंबरपर्यंत 30 टक्के घट धरली, तर नुसती बरोबरी करायला 2143 रुपये भाव हवा. भरणी, निवडाई, मजुरी वेगळी. ही घट तीन वाटांनी होते. मे-जूनच्या उन्हात वजन उतरतं, जुलै-ऑगस्टच्या दमटपणात सड लागते, सप्टेंबरनंतर रात्री गार झाल्या की कोंब फुटतात. चाळ जमिनीपासून दोन फूट उंच, पाखीची रुंदी चार फूट, ढीग पाच फुटांच्या वर नको. सहा-सात फूट भरला तर मधला माल आधी जातो आणि बाहेरून दिसत नाही, वास आल्यावर कळतं. काढणीआधी पाणी उशिरा तोडलं, युरिया उशिरा टाकला, किंवा पात हिरवी असतानाच मान कापली, तर चाळ कितीही चांगली असो, सड येणारच.

मंत्रालयातून "शेतकऱ्याने साठवून योग्य भावाची वाट पाहावी" असं सांगितलं जातं. त्या योग्य भावाची वेळ आली की नेमका आदेश येतो, हे गणित चाळवाल्यांना पाठ आहे.

शेतकरी उत्पादक कंपनी, सरकारी खरेदी

भाव स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था केंद्रासाठी कांदा घेतात. मूळ कल्पना चांगली: एप्रिल ते जूनमध्ये स्वस्त असताना घ्यायचा, सप्टेंबरनंतर बाजारात सोडायचा. 2023 मध्ये शुल्कावर ओरड झाली म्हणून ऑगस्टमध्ये आणखी 2 लाख टन घ्यायचं ठरलं, भाव 2410 रुपये क्विंटल. त्याच आठवड्यात दिल्लीत निधीतला राखीव कांदा 25 रुपये किलोने विकायला काढला. 24 रुपये 10 पैशांना घ्यायचा माल, त्यावर वाहतूक, गोणी, घट, आणि विक्री 25 ला. फरक निधी सोसतो. तो सोसण्यासाठीच निधी आहे, त्यात गैर काही नाही. पण शेतकऱ्याला ही "हमीभावाने खरेदी" म्हणून सांगितली गेली, तशी ती नव्हती. कांद्याला हमीभावच नाही.

केंद्रावर माल अडतो तो प्रतवारीवर. 45 मिलिमीटरखालचा, दुभाळका (जोडकांदा), कोंब आलेला, काजळी (काळी बुरशी) धरलेला बाजूला निघतो. ट्रॉलीतला हा बाजूचा माल परत समितीत न्यावा लागतो आणि तिथे तो उरलेला माल म्हणून आणखी कमी भावात जातो. दोनदा भाडं. म्हणून नेण्याआधी घरीच चाळणी मारलेली बरी.

तलाठी कार्यालयाच्या रांगेतलं

2023 च्या पडझडीत राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्यामागे 200 क्विंटलपर्यंत, म्हणजे कमाल 70 हजार. विक्री 1 फेब्रुवारी ते 31 मार्चमधली हवी. अर्ज अडले ते सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसल्याने. ई-पीक पाहणी (मोबाइल अ‍ॅपवरून पिकाची नोंद) वेळेत झाली नसेल तर विक्रीची पावती हातात असूनही उपयोग नाही. नोंद हंगामातच करून घ्या, अनुदान जाहीर झाल्यावर नाही.

पेट्रोल पंप

केंद्राने उत्पादन शुल्क दोनदा कमी केलं. 4 नोव्हेंबर 2021 पासून पेट्रोल 5, डिझेल 10 रुपये. 22 मे 2022 पासून पेट्रोल 8, डिझेल 6. दुसऱ्या वेळी लोकांना फरक साडेनऊ आणि सात रुपये सांगितला, कारण बहुतेक राज्यांचा व्हॅट टक्केवारीत असतो आणि तो शुल्कासकट किमतीवर लागतो. वरचं उतरलं की खालचंही आपोआप उतरतं. कपात रस्ते-पायाभूत उपकरात झाली. उपकर राज्यांत वाटला जात नाही, त्यामुळे केंद्राच्या वाट्यातून राज्यांचं काही गेलं नाही, पण व्हॅटचं उत्पन्न मात्र घटलं. महाराष्ट्राने स्वतःचा व्हॅट जुलै 2022 मध्ये पेट्रोलवर 5, डिझेलवर 3 रुपयांनी उतरवला.

पंपाचा प्रश्न टाकीतल्या मालाचा. जुन्या शुल्काने पैसे भरून घेतलेलं 20 हजार लिटर डिझेल नोव्हेंबर 2021 च्या त्या रात्री टाकीत असेल, तर सकाळी 6 वाजता नुसत्या शुल्कात दोन लाख गेले. दोन्ही वेळा सणासुट्टीच्या तोंडावर घोषणा झाली, म्हणजे टाक्या भरलेल्या. शुल्क वाढतं तेव्हा उलटा फायदा होतो, हेही खरं. पण एप्रिल 2025 मध्ये शुल्क 2 रुपये वाढलं तेव्हा किरकोळ भाव हललाच नाही, वाढ कंपन्यांनी पोटात घेतली.

तारखांची वही ठेवणारा

भांडणं नकोत म्हटलंय, म्हणून फक्त तारखा. सिलिंडर 100 रुपयांनी स्वस्त: 8 मार्च 2024. पेट्रोल-डिझेल 2 रुपयांनी: 15 मार्च. लोकसभेचा कार्यक्रम जाहीर: 16 मार्च. कांदा निर्यातबंदी उठली: 4 मे, दिंडोरी-नाशिकचं मतदान 20 मे. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. पुढे 13 सप्टेंबरला कांद्याचं किमान मूल्य काढलं, शुल्क 20 टक्क्यांवर आणलं. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर. ते 20 टक्केही 1 एप्रिल 2025 पासून गेले.

सोयाबीन आडत, लातूर

त्याच 13 सप्टेंबरला खाद्यतेलाचं आयात शुल्कही वाढलं, ते वर राहून गेलं. कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के. त्यात कृषी उपकर 5, मिळून 25, त्यावर दहा टक्के अधिभार, म्हणून हाती 27.5. रिफाइंडवर 35.75. तेल किराणा दुकानात लगेच चढलं. सोयाबीन मात्र 4892 च्या हमीभावाखालीच राहिलं, कारण बियांत तेल जेमतेम अठरा टक्के, उरलेली सगळी पेंड. जागतिक बाजारात पेंडीला उठाव नसेल तर तेलाचं शुल्क कितीही वाढवा, गिरणी बियाला जादा भाव देत नाही. हमीभाव केंद्रावर ओलाव्याची अट 12 टक्के होती. ती 15 वर नेली ती मतदानाच्या तोंडावर, तोवर गरजूंचा माल आडतीवर येऊन गेला होता. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क पुन्हा 16.5 वर आलं.

किराणा, पुणे

18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद तांदूळ, पीठ, डाळीवर 5 टक्के जीएसटी. काही दिवसांत 26 आणि 30 किलोच्या गोण्या आल्या. मोठी गोणी फोडून सुटं विकलं तर कर नाही. गिऱ्हाईक मात्र पाच किलोची पिशवी मागतं, ती कर लागूनच येते. महिन्याचं धान्य एकदम भरू शकणारा वाचला, आठवड्याचं नेणारा भरतो.

गृहकर्ज विभाग

महागाईवर रिझर्व्ह बँकेचा उपाय म्हणजे रेपो, ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये तो 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. 2012 पायाच्या ग्राहक निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा जवळजवळ 46 टक्के, आणि कांदा-टोमॅटो काही कर्ज काढून कुणी घेत नाही. मार बसला तो तरत्या दराच्या कर्जांना.

30 लाख, 20 वर्षं, 7 टक्के: हप्ता 23,259. दर 9.5 झाला तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज 23,750. म्हणजे जुनाच हप्ता चालू ठेवला तर मुद्दल घटण्याऐवजी वाढेल. खरा हप्ता 27,964 हवा. बँका आपणहून मुदत वाढवत होत्या आणि कर्जदाराला ते वार्षिक विवरणात दिसत होतं. ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानंतर दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हे विचारणं बँकेला बंधनकारक आहे. स्थिर दराकडे जायचा पर्यायही तेव्हा द्यावा लागायचा, ऑक्टोबर 2025 पासून तो देणं बँकेच्या मर्जीवर आहे. शाखेत गेलात तर "व्याजदर किती" एवढंच विचारून येऊ नका. शिल्लक मुद्दल, उरलेले हप्ते आणि या महिन्याच्या हप्त्यातलं व्याज हे तिन्ही आकडे लेखी घ्या. शक्य असेल तर हप्ता वाढवा, मुदत नाही. दर पुन्हा उतरले तरी वाढलेली मुदत बँक आपणहून कमी करेलच असं नाही, त्यासाठी अर्ज द्या.