जानवे, चकोटे आणि सेव्हन: चाहत्यांचा राग नक्की कशावर?

निहारिका

(स्पॉयलर: व्हॉयेजर, एक्स-फाइल्स, द हंड्रेड, डिस्कव्हरी)

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अंतराळजहाजावरच्या मालिकेचा शेवटचा भाग 'एंडगेम' मे २००१ मध्ये आला. त्यात उपकप्तान चकोटे आणि सेव्हन ऑफ नाइन (बोर्ग या यंत्र-मानव समूहातून सुटलेली तरुणी) एकत्र आलेले दाखवले. कॅप्टन जानवे आणि चकोटे या जोडीचे चाहते अजूनही त्यावर चिडून लिहितात. त्यांना ठरलेलं उत्तर मिळतं: आवडती जोडी जमली नाही म्हणून आरडाओरडा. मला हे पटत नाही. दोन प्रश्न आहेत. पटकथेत नेमकं कुठे बिघडलं, हे भागांवरून दाखवता येतं का? आणि चाहत्यांची प्रतिक्रिया मोजायची तर फॅनफिक्शनचे, म्हणजे चाहत्यांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या कथांचे, आकडे चालतील का?

लंबक

दाखवता येतं. चार भाग याच क्रमाने बघा.

'रेझोल्यूशन्स', दुसरा सीझन, १९९६. किडा चावून जडलेल्या आजारामुळे जानवे आणि चकोटेला एका ग्रहावर मागे राहावं लागतं, परतीची आशा नसते. चकोटे तिला एका योद्ध्याची गोष्ट सांगतो. ती त्याची कबुलीच आहे हे तिला कळतं. पुढे औषध मिळतं, दोघं जहाजावर परततात आणि पुन्हा एकमेकांशी हुद्द्याने बोलू लागतात. त्या काळात दोघांमध्ये काय ठरलं, याचा खुलासा मालिकेने पुढे कधीच केला नाही. अपेक्षा इथे तयार झाली, आणि ती चाहत्यांनी मनाने रचलेली नव्हती.

'ह्युमन एरर', मार्च २००१, सातव्या सीझनचा अठरावा भाग. सेव्हन होलोडेकवर (आभासी माणसं आणि ठिकाणं उभी करणारी खोली) चकोटेची प्रतिमा तयार करून नातं म्हणजे काय ते अनुभवून बघते. भावना तीव्र झाल्या की तिच्या डोक्यातलं बोर्ग उपकरण तिला बंद पाडतं, म्हणून ती प्रयोग सोडून देते. खऱ्या चकोटेला याचा पत्ताही नसतो.

'नॅचरल लॉ', चार भागांनंतर. चकोटे आणि सेव्हन दोघंच परक्या ग्रहावर अडकतात. नात्याचा पाया घालायला याहून चांगली संधी मिळाली नसती! पण भाग सगळा तिथल्या जमातीबद्दल आहे, दोघांच्या ओढीला त्यात जागाच नाही.

आणि मग 'एंडगेम'मध्ये दोघांच्या भेटीगाठी आधीच सुरू झालेल्या. पर्यायी भविष्यात तर त्यांचं लग्न झालेलं, सेव्हन वारलेली, चकोटे त्या दुःखातून न सावरलेला. म्हातारी जानवे काळात मागे येते त्यामागे हेही कारण आहे. म्हणजे शेवटच्या कथानकाचा मोठा भार ज्या नात्यावर टाकला, त्याची सुरुवातच पडद्यावर नाही. माझ्या मते राग इथला आहे.

उल्का

लंबक, क्रम बरोबर, पण एक बाजू राहिली. कॅप्टनने हाताखालच्या अधिकाऱ्याशी प्रेमसंबंध ठेवू नयेत, असं जानवेची भूमिका करणाऱ्या केट मलग्रू यांचं स्वतःचं मत होतं आणि त्यांनी ते जाहीरपणे मांडलं आहे. पहिल्या स्त्री-कॅप्टनच्या मालिकेसाठी ते मला योग्यच वाटतं. जोडी न जमवणं ही चूक नव्हती. 'रेझोल्यूशन्स'नंतर दोघांनी समोरासमोर बोलून विषय मिटवण्याचा एक प्रसंग लिहायला हवा होता, तो लिहिला नाही. नकारसुद्धा पडद्यावर दिसावा लागतो.

लांबणीवर टाकण्याचं उदाहरण हवं तर 'एक्स-फाइल्स'. मालिका १९९३ ची. १९९८ च्या चित्रपटात मल्डर आणि स्कली हे एफबीआयमधले सहकारी चुंबनाच्या उंबरठ्यावर असताना मधमाशी चावते. मालिकेतलं दोघांचं पहिलं खरं चुंबन नोव्हेंबर १९९९ चं, सातव्या सीझनमधलं. 'शिपर' (जोडी जमावी असं वाटणारा चाहता) हा शब्द याच चाहत्यांमध्ये रुळला आणि विरोधी गट स्वतःला 'नोरोमो' म्हणवत असे. एवढा उशीर होऊनही बहुतेकांनी सहन केला, कारण विश्वास, काळजी, एकमेकांसाठी घेतलेले धोके असं काहीतरी मधल्या भागांतून सतत मिळत होतं.

सहनशक्ती तुटली ती २०१८ मध्ये. स्कलीचा मुलगा विल्यम याच्या जन्मामागे सिगारेटवाला (मालिकेतला खलनायक) आहे, असं अकराव्या सीझनच्या पहिल्या भागात सांगितलं गेलं. यात जोडी तुटत नाही. पण आधीच्या सगळ्या प्रसंगांचा अर्थ मागे जाऊन बदलतो, आणि स्कलीच्या संमतीशिवाय तिच्या शरीरावर प्रयोग झाला असं ठरतं. चाहत्यांनी हे माफ केलं नाही आणि मला त्यांचं म्हणणं मान्य आहे.

ध्रुवमत्स्य

मृत्यूचं काय? 'द हंड्रेड'मध्ये लेक्सा ३ मार्च २०१६ च्या भागात मरते: नायिका क्लार्कसोबतच्या पहिल्या प्रणयप्रसंगानंतर लगेच, आणि तीही दुसऱ्यावर झाडलेल्या गोळीने. अभिनेत्री दुसऱ्या मालिकेत गुंतलेली असल्याने पात्र कसंतरी बाहेर काढावं लागणार होतं, हे खरं. पण तिला दूर पाठवता आलं असतं. समलिंगी स्त्रीला सुख मिळताच मारायचं, हा टीव्हीवरचा जुना साचा आहे. शिवाय सीझनच्या अंतिम भागाच्या चित्रीकरणातले तिचे फोटो आधीच बाहेर आले होते, त्यामुळे आपल्याला जाणूनबुजून फसवलं असं चाहत्यांना वाटलं. त्याच महिन्यात मुख्य लेखक-निर्मात्याने लेखी माफी मागितली. चाहत्यांनी तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी मोठा निधी उभा केला.

याच्याशेजारी 'डिस्कव्हरी' ही दुसरी स्टार ट्रेक मालिका ठेवा. जानेवारी २०१८ मध्ये स्टॅमेट्सचा जोडीदार डॉ. कल्बर मारला जातो. साचा तोच. पण ही त्याच्या कथेची अखेर नाही, हे निर्मात्यांनी लगेच जाहीर केलं आणि दुसऱ्या सीझनमध्ये तो खरंच परत आला. रहस्य थोडं फुटलं, विश्वास मात्र टिकला.

शरयू_क

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आकडे चालतील, पण जपून.

आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावरून आकडे घ्यायचे तर आधी जोडीच्या नावातलं चिन्ह बघा. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमसंबंध, '&' असेल तर मैत्री किंवा कौटुंबिक नातं. दोन्ही एकत्र मोजले की निष्कर्ष चुकतो.

हे संकेतस्थळ २००९ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. व्हॉयेजर आणि एक्स-फाइल्सच्या काळातलं बरंच लेखन मेलिंग लिस्ट, यूझनेट (इंटरनेटवरचे जुने चर्चागट) आणि स्वतंत्र संग्रहांवर होतं. त्यामुळे १९९६ ची जोडी आणि २०१६ ची जोडी नुसत्या संख्येने शेजारी ठेवू नका. एकाच मालिकेतल्या जोड्यांची तुलना जास्त भरवशाची.

तारखेची चाळणी लावा: भागाआधीचे तीन महिने, नंतरचे तीन महिने. नंतरच्या कथांमध्ये 'फिक्स-इट' (खटकलेलं दुरुस्त करणारी कथा) किंवा 'कॅनन डायव्हर्जन्स' (मूळ कथेपासून वेगळी वाट धरणारी कथा) हे टॅग किती वाढले ते बघा. पटकथा कुठे खटकली हे त्यावरून एकूण संख्येपेक्षा जास्त कळतं, कारण कथा नेमक्या कोणत्या प्रसंगापासून वेगळी वाट धरते ते लेखक बहुधा सारांशातच लिहितात. काही कथा फक्त सदस्यांना दिसतात, म्हणून लॉगिन करूनच मोजा. शिवाय एकाच लेखकाच्या पन्नास छोट्या कथा असू शकतात, तेव्हा लेखकांची संख्या वेगळी काढा.

निहारिका

फार उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. 'एंडगेम'साठी मात्र आधी-नंतरची तुलना इथे होणार नाही, बरोबर?

शरयू_क

नाही होणार. जुने संग्रह नंतर तिथे आयात झाले असले, तरी काही कथांवर मूळ तारखेऐवजी आयातीची तारीख असते. त्या काळासाठी यूझनेटवरच्या स्टार ट्रेक गटांचे जतन केलेले संदेश वाचा. मे २००१ च्या शेवटच्या आठवड्यापासून सुरुवात करा आणि 'ह्युमन एरर'नंतरचे मार्चमधले संदेशही सोडू नका.