मदत हवी आहे : साक्षरतेचे शासन निर्णय वेळेवर कसे कळतील?

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाचा वर्ग संध्याकाळी चालतो. बहुतेक बाया शेतमजुरी करणाऱ्या. धानकापणीच्या दिवसांत थकून येतात, पण येतात. त्यांच्या वर्गाबद्दल वरती काय ठरलं, ते मात्र आम्हाला सगळं होऊन गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं, तेही अर्धवट.

ही योजना 2022 ते 2027 अशी पाच वर्षांची. खर्चात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. याआधीचं ‘साक्षर भारत’ मार्च 2018 मध्ये संपलं, तसं प्रेरकांचं, म्हणजे गावात वर्ग चालवणाऱ्यांचं, मानधनही थांबलं. पुढे काय होणार हे या वेळी आधी कळायला हवं, म्हणजे बोलता तरी येईल.

शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर शालेय शिक्षण विभाग निवडून मी शोधते, पण बदल्या-मान्यतांच्या ढिगात साक्षरतेचा निर्णय सापडतच नाही. तुम्ही कोणता शब्द टाकून शोधता? अर्थसंकल्पात राज्याचा हिस्सा कोणत्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या नोंदीच्या शीर्षकाखाली) दिसतो? आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदारांकडून तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो) लावून घ्यायचा असेल, तर निवेदन किती आधी द्यावं? हे कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, मला त्याचीच सगळ्यात जास्त गरज आहे.

आमची पहिली मागणी वर्गातल्या बायांच्या साक्षरता चाचणीची तारीख बदलण्याची आहे. 2024 ची चाचणी मार्चमध्ये झाली. आमच्याकडे त्याच सुमारास मोहाची फुलं पडायला लागतात आणि ती वेचायला बाया पहाटेपासून जंगलात असतात.