नियमित सायकल चालवणाऱ्यांनो, काय फरक पडला?

वजन किती उतरलं एवढंच नको, झोप, मूड, दुखणी, फसलेले प्रयोग, सगळं लिहा. सुरुवात मीच करतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर सायकल घेतली, तेव्हा वय ४३, घरनं काम, पाठ आखडलेली आणि रात्री दोनला जाग आली की पहाटेपर्यंत टक्क जागा. आता आठवड्यातून चार दिवस साडेपाचला कोथरूडहून निघतो, खडकवासल्याला चहा, मिळाली तर गरम भजी, की परत. भज्यांमुळेच असेल, वर्षभरात वजन जेमतेम दीड किलो उतरलं, बायको अजून हसते. पण झोप मात्र, साडेदहाला आडवा झालो की थेट सकाळ. आणि आदल्या दिवशीचं ऑफिसातलं भांडण राजाराम पुलापर्यंत डोक्यात चालू असतं, किरकटवाडी येईपर्यंत आपण कुणाला काय उत्तर देणार होतो तेच आठवत नाही.

*

मी नाशिकची. दहावीनंतर सुटलेली सायकल २४ वर्षांनी धरली. आमच्या गावच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली, साधारण ४८०० किमी, आणि मी पहिल्या दिवशी दूध डेअरीपर्यंत जाऊन धापा टाकत फुटपाथवर बसले होते :) शेजारच्या काकू म्हणाल्या, गाडी बिघडली का गं? ओढणी चेनमध्ये अडकून एकदा पडले, तेव्हापासून ओढणी घरीच. आता सोमेश्वरपर्यंत जाऊन येते. कंबर दुखायची थांबलीये, पण खरं सांगू का, तो पाऊण तास मला कुणी हाक मारत नाही. डबा नाही, इस्त्री नाही, आई माझं हे कुठंय नाही. त्यासाठीच जाते.

*

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सायकल विकायच्या आधी सीट बघा!! मी तीन महिने मलम चोळत होतो, शेवटी मेकॅनिकने बघून सीट दोन इंच वर केली आणि महिन्याभरात दुखणं गेलं. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला न्यायचं, पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्याने चालवताना गुडघा आपोआप जरासाच वाकतो. आणि जड गिअरवर जोर लावत बसू नका, हलक्या गिअरवर पाय भराभर फिरू देत.

*

मला शुगर आहे. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८.१ वरून सहा महिन्यांत ६.९ वर आलं, पण सोबत रात्रीचा भात बंद केला होता, त्यामुळे सगळं श्रेय सायकलीला देत नाही. एकदा गोळी घेऊन काही न खाता बोपदेव घाट चढायला गेलो, अर्ध्यात दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मागून येणाऱ्या एका मुलाने चिक्की दिली म्हणून निभावलं. आता खिशात चिक्की असतेच आणि गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून बदलून घेतलंय. तुम्हीही विचारा, मनाने गोळ्या कमी करू नका.

*

सायकलीने डिप्रेशन जातं असं कृपया कुणी लिहू नका. माझ्या वाईट दिवसांत सायकल दारात होती आणि मला पलंगावरून उठवत नव्हतं, वर घरचे म्हणायचे जरा चक्कर मारून ये, बरं वाटेल. औषधं आणि समुपदेशन सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथून पुढे मात्र तिने साथ दिली. सकाळी उठायला एक कारण मिळालं, ऊन अंगावर यायला लागलं, भूक लागायला लागली. अजूनही काही दिवस नाही जमत. किलोमीटर मोजायचं ॲप काढून टाकलंय, त्यातले आकडे बघून परत स्वतःलाच बोल लावायला लागले होते.

*

+१ ॲपबद्दल. मी २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) १३.५ तासांच्या आत केली, मग ३०० चं खूळ (त्याला २० तास देतात), आणि त्या नादात दोन्ही करंगळ्या बधिर. फिजिओ म्हणाल्या हँडलवर सगळा भार टाकताय, तळव्याची नस दाबली जातेय. हँडल थोडं वर घेतलं, जाड ग्लोव्हज घेतले, आता बरंय. शिवाय सायकलने हाडांवर भार येत नाही म्हणून त्यांनी वजनं उचलायला लावली, ती कंटाळत उचलतो.

*

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टहून लिहितेय. इथे सायकल फक्त व्यायामासाठी नसते, पोराला शाळेत सोडायचं, भाजी आणायची, सगळं सायकलवरच. समोरून वारा असला की सिंहगडाचा चढ परवडला असं वाटतं. नोव्हेंबरच्या अंधारात पहिली दोन वर्षं फार रडू यायचं, त्यावर सायकलीचा किती उपयोग झाला सांगता येत नाही, पण भिजत घरी आल्यावर आल्याचा चहा मात्र जबरदस्त लागतो.

*

नाशिकच्या ताई, ओढणी घरी ठेवायची नसेल तर चेनगार्ड बसवून घ्या, साध्या सायकलींना सहज बसतो. माझ्या बायकोच्या सायकलीला बसवलाय, साडीवर चालवते.