मदत हवी आहे: ही उर्वशीच आहे का?

चिपळूणजवळ घर आहे. सात वर्षांपूर्वी नर्सरीतून 'उर्वशी' या फुलझाडाचं म्हणून एक रोप आणलं. आता डोक्याच्या वर गेलंय, पण फुलाचा पत्ता नाही. पानं संयुक्त, लांबट पर्णिका जोडीजोडीने. नवी पालवी तर अजबच! तपकिरी-गुलाबी, ओल्या रुमालासारखी लोंबत राहते. पहिल्यांदा मला वाटलं झाड मान टाकतंय, म्हणून दोन बादल्या पाणी ओतलं. आठवड्याभरात पानं हिरवी होऊन ताठ झाली.

राणीच्या बागेत उर्वशी फुललेली पाहिली होती. खाली लोंबणारे लांब घोस, गुलाबी-लाल पाकळ्यांवर पिवळा ठिपका. तेव्हापासून हे वेड. मूळची ब्रह्मदेशातली, तिला दमट सावली मानवते म्हणतात. माझी मात्र दुपारभर उन्हात आहे. चूक माझीच.

शंका अशी की ब्राउनिया या दुसऱ्या फुलझाडाची पालवीही अशीच लोंबते, फुलं मात्र गोल गेंदासारखी. फुलं येण्याआधी पानांवरून दोघांतला फरक कसा ओळखायचा? कोकणात कुणाकडे उर्वशी फुलली असेल तर कितव्या वर्षी? बी क्वचितच धरतं, तेव्हा गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवून रोप करणं) कोणत्या महिन्यात बांधलीत तेही सांगा. आणि सावलीसाठी शेजारी शेवगा लावू का?