‘माय वे’ इंग्रजीत आले तेव्हा मूळ गाणे हरवले का?

धागाकर्ता:
फ्रेंच गायक क्लोद फ्रांस्वाने १९६७ साली ‘कॉम दाबित्यूद’ (नेहमीप्रमाणे) हे फ्रेंच गाणे गायले. त्यात नायक सकाळी उठतो, झोपलेल्या प्रेयसीला थंडी वाजू नये म्हणून तिच्या अंगावर चादर ओढतो, एकटाच कॉफी पिऊन बाहेर पडतो आणि रात्री दोघेही प्रेमाचे सोंग वठवतात, सारे नेहमीप्रमाणे. पुढे गायक-गीतकार पॉल अँकाने त्याच चालीवर इंग्रजीत ‘माय वे’ (माझ्या मार्गाने) हा एका मावळत्या आयुष्याचा अभिमानी जमाखर्च लिहिला आणि अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राने तो ३० डिसेंबर १९६८ रोजी ध्वनिमुद्रित केला. माझ्या मते तेथेच गाण्याचा प्राण गेला. बोलल्यासारखी सुरू होऊन पायरी-पायरीने चढणारी ही चाल फ्रेंचमध्ये कोंडलेल्या माणसाची घुसमट वाहते, तर इंग्रजीत तोच चढ आत्मस्तुतीच्या कामी येतो. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१७ च्या शपथविधीनंतरच्या समारंभात पहिले नृत्य याच गाण्यावर केले, यात मला नवल वाटत नाही.

प्रतिसाद १:
हे मत मला मुळीच पटत नाही. सत्ताविशीतल्या अँकाने त्रेपन्न वर्षांच्या, निवृत्तीची भाषा करणाऱ्या गायकासाठी शब्द लिहिले आणि त्या शब्दांत पश्चात्तापाची, न पेलणारे ओझे उचलल्याची कबुलीही आहे. सिनात्रा सुरुवातीची कडवी किती संयमाने गातो, ते पुन्हा ऐकावे. ब्रिटनमध्ये अंत्यविधीसाठी हे गाणे वर्षानुवर्षे निवडले जाते. आपल्या माणसाला निरोप देणारी कुटुंबे बढाई ऐकण्यासाठी तेथे जमत नाहीत. शिवाय याच चालीवर १९६८ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीनेही इंग्रजी शब्द लिहिले होते. ते नाकारले गेले, पण त्या सलातून पुढे त्याचे ‘लाइफ ऑन मार्स?’ हे गाणे जन्मले. एका फ्रेंच चालीने इतके काही दिले असताना तिला मूळ शब्दांतच बांधून ठेवण्याचा आग्रह मला समजत नाही.

प्रतिसाद २:
आपण दोघेही गीतकारांवरच थांबलात. अमेरिकन गायिका नीना सिमोनने १९७१ साली बाँगोच्या धावत्या ठेक्यावर हेच इंग्रजी शब्द गायले, तेव्हा त्यांतला निवृत्त पुरुषाचा थाट गळून पडला आणि वर्णभेदाशी झुंजलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचा निर्धार पुढे आला. १९७८ मध्ये पंक गायक सिड व्हिशसने शब्द मोडून, ओरडून या गाण्याची विटंबना केली. ती मला आवडत नाही, तरी त्या प्रौढीवरची सर्वांत कठोर टीका तीच आहे, हे मान्य करावे लागते.

धागाकर्ता:
नीना सिमोनचे गायन थोर आहे, पण ते शब्दांमुळे नव्हे, शब्द असे असूनही थोर आहे. फिलिपिन्समध्ये हे गाणे गाताना झालेल्या भांडणांतून खून पडले आणि कित्येक कॅराओके बारनी ते यादीतूनच काढले. दारू आणि बेसूर गाण्याची टिंगल ही कारणे आहेतच. तरीही गाणाऱ्याला छाती फुगवायला लावणारे शब्द त्या आगीत तेल ओततात, असे मला वाटते.

प्रतिसाद १:
मग ऑक्टोबर १९८९ चे काय? पूर्व युरोपातील देशांनी आपापला मार्ग निवडावा, हे मॉस्कोचे नवे धोरण सांगताना सोव्हिएत परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते गेनादी गेरासिमोव्ह यांनी या गाण्याचा दाखला देऊन त्याला ‘सिनात्रा सिद्धान्त’ म्हटले. ज्या शब्दांना आपण आत्मस्तुती म्हणता, त्यांतच त्यांना दुसऱ्यांचे स्वातंत्र्य मान्य करण्याची भाषा सापडली.